तीन सिलिंडरची थरथर

जळगाव,
५ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप भाऊस,
दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टाचं पाकीट बघून तू वहिनींना म्हणशील, हिला आता काही उद्योग राहिला नाही. खरंच नाही. पण मोबाईलवर तू मला तीनच शब्द पाठवतोस: ठीक, बरं आणि नको. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन तू कपाटात घालून ठेवलं आहेस. धुळ्याच्या आयटीआयमध्ये आयुष्यभर पोरांना मोटार मेकॅनिक शिकवलेला माणूस एवढा गप्प बसतो, हे माझ्या मनाला पटत नाही. कागदावर तरी तुझं तोंड सुटेल. सोबत पत्ता घालून, तिकीट लावून कोरं पाकीट ठेवलं आहे. आता सबब सांगू नकोस.

बातमी अशी की मी गाडी घेते आहे. आधी हसून घे. पहूरच्या दवाखान्यात नर्स होते तेव्हा एसटी आणि काळीपिवळीत कोंबून जन्म काढला, आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या सीटवर ऐसपैस बसावंसं वाटतं. मेहरूणच्या बाजूला एका क्लासला जाते. मास्तर म्हणतात, मॅडम, ब्रेकवर पाय जरा हलका ठेवा, मागचा माणूस घाबरतो. लायसन्स मात्र पहिल्या फेरीत मिळालं.

दोन गाड्यांवर येऊन अडले आहे. दोन्ही सारख्याच, उंच आणि आखूड, बसायला वाकावं लागत नाही. फरक फक्त इंजिनाचा. एकीत दीड लिटरचं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. शोरूमवाला त्याला ऐटीत नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतो. दुसरीत एकच लिटरचं, तीन सिलिंडरचं, पण टर्बो लावलेलं. म्हणे या लहान इंजिनात त्या मोठ्यापेक्षा जास्त जोर आहे. मी दोन्ही चालवल्या. पहिली आपल्या शेजारच्या काकूंसारखी, जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. दुसरी पिंप्राळ्याच्या उड्डाणपुलावर चढताना क्षणभर थबकली आणि मग अशी काही निघाली की मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. लहानग्यात एवढा जोर आला कुठून? मला रात्रभर तेच डोक्यात. तू समजावून सांग, आणि कोणती घेऊ तेही सांग.

आता दुसरं. अखजी जवळ येते आहे, इथले शेजारी अक्षय तृतीया म्हणतात ती. लेकीनं माहेरी यायचं ते मुराळ्याबरोबर, माहेरचा माणूस न्यायला आल्याशिवाय नाही, ही आपल्या आईची शिस्त. माझं लग्न झाल्यापासून दर अखजीला तूच आलास. गेली दोन वर्षं आला नाहीस. दोन अखज्या मी इथं एकटीनं आमरस खाल्ला, आणि गोड आंब्याचा असून तो मला बेचव लागला. यंदाही मुराळ्याशिवाय मी यायची नाही, आणि मुराळी मला तूच पाहिजेस.

इकडे भरिताचा हंगाम जोरात आहे. वहिनींना नमस्कार. कळावे. लोभ आहेच, तो चिडलास तरी चालू ठेव.

तुझी,
दीपमाला

———

देवपूर, धुळे,
१४ फेब्रुवारी २०२६

चि. दीपमाला हीस,
जीवरामचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लायसन्सबद्दल अभिनंदन. जळगावकरांना आधी कळवलं आहेस ना, म्हणजे सावध राहतील.

प्रश्न चांगला विचारलास. इंजिनाचा जोर पेट्रोलमध्ये नसतो, हवेत असतो. पेट्रोल हवं तेवढं ओता, पण ते जळायला हवा पाहिजे. साधं इंजिन स्वतःच्या छातीनं हवा ओढतं. छाती जेवढी मोठी तेवढी हवा, तेवढाच जोर. म्हणून आमच्या वेळी जोर पाहिजे तर इंजिन मोठं करायचे. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेले दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर पहिल्या पंख्याला फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबतो. लहान छातीत मोठ्या छातीची हवा. तू पुलावर थबकलीस, तो वेळ धुराला पंखा फिरवायला लागला. बास, एवढंच आहे, जादू नाही.

आता माझा सल्ला. साधं इंजिन घे. एक लिटर म्हणजे पाण्याची बाटली, तेवढ्याशा जिवाकडून मोठ्याचं काम करून घ्यायचं हे मला पसंत नाही. टर्बोला तेल चांगलं लागतं, वेळेवर बदलावं लागतं, लांबून आलीस की लगेच किल्ली फिरवायची नाही, अर्धा मिनिट तशीच चालू ठेवायची, नाहीतर तो तापलेला पंखा तेलावाचून तळमळतो. तुला गावातल्या गावात फिरायचं, सिग्नलला थांबायचं, त्यात टर्बोचा फायदा थोडा आणि ॲव्हरेज मात्र पायावर. पाय जड असेल तर पेट्रोल पितं, आणि तुझ्या पायाबद्दल तुझ्याच मास्तरांनी सांगितलं आहे. शिवाय तीन सिलिंडर. चारात दोन वर, दोन खाली, तोल राहतो. तीनात तो राहत नाही. गाडी उभी असली तरी थंडी वाजल्यासारखी थरथरत राहते. हा त्या इंजिनाचा जन्माचा दोष आहे. साधं इंजिन सरळ माणसासारखं, जेवढा पाय दाबशील तेवढं देईल, आणि पंधरा वर्षं दगा देणार नाही.

मुराळी म्हणून मला बोलावू नकोस. कारण तुला ठाऊक आहे. त्या वर्षी तुला आणायला म्हणूनच निघालो होतो. पारोळ्याच्या पुढं मागून केळीचा ट्रक हॉर्न वाजवत होता, म्हणे कितीतरी वेळ. मला काहीच नाही. तो घासून पुढं गेला तेव्हा कळलं. शेजारी तुझी वहिनी होती. तिथून परत फिरलो आणि किल्ली खुंटीला टांगली. मी पोरांना सांगायचो, डोळे रस्त्यावर आणि कान इंजिनावर. कान गेलेल्या माणसानं आता घरात बसावं. बसनं ये म्हणशील, तर कंडक्टर काय ओरडतो ते कळत नाही, लोक काही विचारतात, मी भलतंच उत्तर देतो आणि ते हसतात. तू वहिनीच्या भाच्याला मुराळी मान आणि ये.

साधं इंजिन घे, पुन्हा सांगतो. कळावे. माया आहे ती आहेच, लिहून दाखवायला जमत नाही.

तुझा भाऊ,
जीवराम

———

जळगाव,
२२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

एवढं लांब पत्र! वाचून मला इतका आनंद झाला की शेजारच्या हुस्नबानोला मोठ्यानं वाचून दाखवलं. धुराचा भाग तिला फार आवडला. ती म्हणाली, आमच्या घरात धूर फक्त डोळ्यात जातो, या लोकांनी त्याला कामाला लावलं.

मलाही तेच नवल वाटतं रे. जो धूर आपण नको म्हणून बाहेर टाकतो, तोच जाता जाता दार ढकलून आत हवा घालून जातो. तू म्हणतोस जादू नाही. मी दवाखान्यात शेकडो बाळं जन्मताना पाहिली, पहिला श्वास कसा आत जातो ते डॉक्टरांनी मला दहादा समजावलं, तरी दर वेळी अंगावर काटा यायचाच. समजलं म्हणून जादू संपते असं कुणी सांगितलं?

पण एक गोष्ट तुझ्या पत्रात मला सापडली नाही. तू या नव्या टर्बोच्या गाडीत कधी बसलास ते तू लिहिलं नाहीस. म्हणजे बसलाच नाहीस. पेशंटला न तपासता औषध लिहिलेलं माझ्या नोकरीत चाललं नसतं. तेव्हा असं कर. धुळ्यातही दोन्ही गाड्या मिळतात. दोन्हीत बस. चालवू नकोस, नुसता शेजारी बस आणि लळिंगच्या घाटात वर जाऊन ये. मग जे सांगशील ते मी डोळे मिटून घेईन. तोपर्यंत मी गाडी बुक करणार नाही आणि उन्हात रिक्षा शोधत फिरेन. मला चक्कर आली तर ती तुझ्या नावावर.

आणि वहिनींच्या भाच्याला मुराळी मानायला मी काही त्याची आत्या नाही. तू.

कळावे. माया लिहून दाखवता येत नसेल तर लळिंगला जाऊन दाखव.

तुझी हट्टी,
दीपमाला

———

देवपूर, धुळे,
६ मार्च २०२६

सौ. रूपाकडून दीपमालाताईंना नमस्कार.

ताई, मला पत्र लिहायची सवय नाही, शाळेनंतर हे पहिलंच. पण फोनवर सांगायला लागले की मला रडू येतं, म्हणून लिहिते.

तुम्ही फोनवर सांगितलं तसं मीच शोरूमला कळवलं. ह्यांना काही बोलले नाही. परवा सकाळी दारात गाडी उभी राहिली तेव्हा हे अंगणात जुन्या स्कूटरशी होते. ती स्कूटर हे रोज सकाळी चालू करतात, जात कुठंच नाहीत. मला वाटायचं बॅटरी उतरू नये म्हणून. एकदा नीट पाहिलं तर इंजिनाच्या झाकणावर हात ठेवून डोळे मिटून उभे होते. चटका बसेपर्यंत. मी काही विचारलं नाही. ताई, ह्यांना तुमच्याखेरीज कुणी काही विचारू शकत नाही.

गाडी घेऊन मिसबाह नावाची मुलगी आली होती. हे म्हणाले, मला यायचं नाही. ती पोर हुशार, ह्यांच्या समोर उभी राहून हळू हळू बोलली, ओठ दिसतील असं. म्हणाली की तिचे वडील उजैरभाई ह्यांच्याच वर्गात शिकले, आज त्यांचं गॅरेज आहे, आणि ते अजून सांगतात की आमचे सर स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून इंजिनाचं दुखणं सांगायचे. मग हे चप्पल घालून बाहेर आले. मी मागं बसले.

पहिल्या दिवशी साधी गाडी झाली. हे लळिंगपर्यंत गेले, आले, मान हलवली, बरी आहे म्हणाले. काल टर्बोची आली. ह्यांनी समोरच्या फळीवर तळहात टेकवला होता. पांझरेचा पूल गेला, गाव संपलं, काही नाही. घाट लागला, मिसबाहनं पाय दाबला, आणि ताई, तुमचे भाऊ सीटवर ताठ झाले. मी घाबरले, म्हटलं ह्यांना काही झालं. तर हे माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "जित्ती शे! रूपा, गाडी जित्ती शे!" गाडीला जिवंत म्हणत होते, ताई. दोन वर्षांत ह्यांनी घरात एवढा आवाज काढला नव्हता. लळिंगच्या किल्ल्याखाली गाडी थांबली तर म्हणाले, पुन्हा. मिसबाहनं तीनदा घाट चढवला. बिचारी हसत होती आणि डोळे पुसत होती.

हे आता तुम्हाला लिहायला बसले आहेत. मी लिहिलं ते सांगू नका.

तुमची वहिनी,
रूपा

———

देवपूर, धुळे,
७ मार्च २०२६

चि. दीपमाला हीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन्ही गाड्यांत बसलो. वहिनीनं माझ्यामागं काय कारस्थान केलं ते मला समजलं आहे, तिला मी काही म्हणालो नाही.

साधं इंजिन माझ्या ओळखीचं निघालं. हात टेकवला आणि मीटरच्या काट्याकडं पाहत राहिलो. काटा जसा वर तशी हातातली धडधड वाढत गेली, मध्ये कुठं गाळलेली जागा नाही. घाटात मुलीनं एक गिअर खाली घेतला, इंजिन जोरात फिरलं आणि सरळ वर गेलं. हा आवाज मला पाठ आहे. ऐकू आला नाही तरी आठवला. चांगलं इंजिन आहे, माझ्या पहिल्या पत्रातला एकही शब्द मी मागं घेत नाही.

मग ती दुसरी. मी ठरवूनच बसलो होतो की हिची खोडी काढायची. उभी असताना थरथरत होती, म्हटलं, बघा. घाटाच्या तोंडाशी मुलीनं पाय दाबला, काटा दीड हजारावर, काही नाही. आणि मग दीपे, त्या थरथरीच्या खालून एक वेगळंच काहीतरी हातात आलं. बारीक, घट्ट, एकसारखं. तीन सिलिंडरची धडधड वेगळी आणि हे वेगळं. त्याच क्षणी पाठीला सीटनं ढकललं. गिअर बदलला नाही, काटा फार वर गेला नाही, इंजिन ओरडत असेल असं हाताला वाटलं नाही, आणि गाडी तीन माणसं बसलेली असून रिकामी असल्यासारखी घाट चढली.

मी शिकवलेलं सगळं मला माहीत होतं. पेढ्याएवढं चाक, मिनिटाला लाखाच्या वर फेरे, एका बाजूला विस्तवासारखा धूर आणि दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये दांडा, आणि तो दांडा कशावर फिरतो, तर केसाहून पातळ तेलाच्या थरावर. लोखंड लोखंडाला टेकतसुद्धा नाही. हे मी फळ्यावर काढलं आहे. पण फळ्यावर काढणं निराळं आणि हाताखाली ते जागं होणं निराळं. माणसाच्या हातानं असलं काही घडवलं, आणि ते आपल्या दारात उभं राहतं, लोक त्यात बसून भाजी आणायला जातात. मला वर किल्ला दिसत होता आणि मी बावळटासारखा फळीवर हात दाबून बसलो होतो. मला लाज वाटली नाही.

आता खरं सांगतो. मी टर्बो नको म्हटलं ते तेलासाठी नाही आणि तीन सिलिंडरसाठीही नाही. साध्या इंजिनाचा आवाज माझ्या डोक्यात साठलेला आहे, तू गाडी घेतलीस तर मला घरी बसून ती ऐकता आली असती. ह्या नव्या टर्बोचा आवाज मी कधी ऐकलाच नाही. कान होते तेव्हा ती गाडी नव्हती, गाडी आली तेव्हा कान नाहीत. माझ्या बहिणीची गाडी मला मुकी राहिली असती. म्हणून नको म्हणत होतो.

गावातल्या वापराला अजूनही साधंच बरं, हे डोकं सांगतं. हात दुसरंच सांगतो. आता तू ठरव. फक्त एवढं लिही, तो टर्बो वाजतो कसा? मुलीला विचारलं तर ती म्हणाली शिट्टीसारखा. शिट्ट्या शंभर प्रकारच्या असतात.

मुराळ्याचं मात्र तेच. जमणार नाही. लोभ ठेव, आणि हा विषय ठेवू नकोस.

तुझा भाऊ,
जीवराम

———

जळगाव,
२० मार्च २०२६

तीर्थरूप भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग बसले. उत्तराला उशीर झाला, कारण मी पुन्हा शोरूमला गेले होते, नुसती ऐकायला. काचा बंद केल्या, एसी बंद केला, शोरूमवाल्याला गप्प बसायला सांगितलं. तीन वेळा गेले. त्यांना आता वाटतं मी गाडी घेणार नाही, फक्त फिरून घेते.

आता ऐक. आपल्या शेतात भरिताची पार्टी असायची, आठव. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी. वांगं आतून शिजत आलं की त्याच्या देठाशी बारीक भोक पडायचं आणि आतली वाफ निघायची. आधी काहीच नाही, मग अगदी बारीक सूर, मग तो चढत चढत जायचा आणि तिथंच टिकून राहायचा. बाकीचे धुरात डोळे चोळत असायचे, आणि तू तोंड फिरवून बसून सांगायचास, डावीकडचं झालं, काढा. कधी चुकला नाहीस. तो सूर, भाऊ. तोच. त्याच्या खाली तीन सिलिंडरची गुरगुर आहे, जाळ वाऱ्यानं फरफरतो तशी. आणि पाय उचलला की वांगं काठीनं उलटल्यावर व्हायचं तसं फुस्स. मी लळिंगला नव्हते, पण तुझ्या हाताखाली काय आलं ते मला ऐकू आलं आहे. तू ते ऐकलेलं आहेस. गाडी यायच्या पन्नास वर्षं आधी.

गाडी मी बुक केली, टर्बोची. साध्या इंजिनाची तुझी सगळी कारणं बरोबर आहेत, हुस्नबानोचा मुलगा नासीरही तेच म्हणाला आणि त्यानं तीच घेतली. तो रोज गावातच फिरतो, त्याला ती शोभते. मी जी घेतली ती तू सांगितलेल्या जन्माच्या दोषासाठी घेतली. कसं ते पुढं लिहिते.

अखजीच्या दोन दिवस आधी तू धुळ्याहून सकाळच्या बसनं निघ. एकटा. मी तुला आणायला येऊ शकते, मला हायवे येतो, पण मुराळी न्यायला यायचा असतो, त्याला कुणी न्यायला जात नाही. जळगावच्या स्टँडबाहेर मी उभी असेन. गर्दीत तुला हाक ऐकू येणार नाही, हॉर्न ऐकू येणार नाही, म्हणून मी दोन्ही करणार नाही. गाडी चालू ठेवून तिच्या दाराशी उभी राहीन. तू ये आणि बॉनेटवर हात ठेव. थरथरली की समज, आलास बहिणीच्या गाडीपाशी. साधी घेतली असती तर चालू आहे की बंद ते तुला कळलं नसतं.

मग धुळ्यापर्यंत गाडी मी चालवीन, तू शेजारी बस, हात फळीवर. मुराळ्यानं गाडी चालवलीच पाहिजे असं आईनं कधी म्हटलं नव्हतं. ती बैलगाडीच्या वेळची, तिचा मुराळी तर बैलांच्या दमणीत झोपून यायचा.

कान इंजिनावर ठेवायचे तुझे दिवस गेले असतील. मागचा हॉर्न मी ऐकेन, पुढचं इंजिन तू बघ. एवढ्यात आपला दोघांचा मिळून एक ड्रायव्हर होतो.

तू आला नाहीस तर मी तशीच उभी राहीन, पेट्रोल जाळत. कळावे. लोभ नको, तू ये.

तुझी,
दीपमाला

———

देवपूर, धुळे,
२ एप्रिल २०२६

चि. दीपमाला हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र रोज वाचतो आहे. वांग्याचं वाचलं त्या दिवशी जेवलो नाही, आणि मग वहिनीला भरीत करायला सांगितलं. गॅसवर भाजलं, वाजलं की नाही ते मला ठाऊक नाही, पण ती वाकून ऐकत होती आणि तिनं बोट वर केलं. तेव्हा मी म्हणालो, काढ.

मशीन कपाटातून काढलं आहे. अजून भांडी आदळल्यासारखंच वाजतं. बसमध्ये लावीन, निदान कंडक्टरला दिसेल तरी.

डाव्या खिडकीशी बसेन, म्हणजे पारोळा आणि एरंडोलच्या पाट्या दिसतील. कुणी काही विचारलं तर सांगेन, मला ऐकू येत नाही, मी बहिणीला आणायला चाललो आहे. हे वाक्य वहिनीसमोर दोनदा म्हणून पाहिलं. जमतं.

टर्बोची गाडी उभी केल्या केल्या बंद करायची नसते, अर्धा मिनिट चालू ठेवायची, हे तुला पहिल्याच पत्रात शिकवलं आहे. बस उशिरा पोचली तर जास्त ठेव. मी हात ठेवेपर्यंत बंद करू नकोस.

तुझा मुराळी,
जीवराम